रिठ्याच्या पाण्याने धुवा: रेशमी, सुती आणि लोकरी कपड्यांची घरच्या घरी निगा

रेशमी साडीला पाणी लावायचंच नाही, अशी समजूत पुष्कळ घरांत आहे. मग लग्नात दिवसभर नेसलेली साडी घामासकट घडी होऊन कपाटात जाते, काही वर्षांनी ब्लाउज काखेत विरतो, साडी घडीवर चिरते आणि दोष रेशमाच्या माथी येतो. साधं गार पाणी रेशीम, लोकर, सूत किंवा लिनन यांपैकी कशालाही फारसं बाधत नाही. बाधतात त्या तीन गोष्टी: उष्णता, घासणं आणि अल्कली, म्हणजे सोड्यात आणि कपड्यांच्या साबणात असतो तो बुळबुळीत गुण. शिवाय मुरलेला घाम.

पर्यावरणाला कमी त्रास देणारी पद्धत आणि कापडाला कमी त्रास देणारी पद्धत बहुतेक वेळा एकच निघते: गार पाणी, थोडा सौम्य फेस, सावलीतली वाळवण आणि गरज असेल तेव्हाच धुणं. ‘बहुतेक वेळा’ म्हणायचं कारण असं, की ‘नैसर्गिक उपाय’ म्हणून सुचवल्या जाणाऱ्या काही गोष्टी, खाण्याचा सोडा आणि लिंबू धरून, नाजूक कापडावर अजिबात चालत नाहीत. त्या पुढे जिथल्या तिथे सांगितल्या आहेत.

आधी धागा ओळखा

कपड्यावर सिल्क मार्कचं किंवा हँडलूम मार्कचं लेबल असेल तर काम सोपं होतं. सिल्क मार्क केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये सुरू झाला आणि तो शुद्ध रेशमाची खूण आहे. हँडलूम मार्क फक्त हातमागावर विणल्याची खूण आहे, धागा कोणता ते त्यावरून कळत नाही.

लेबल नसेल तर दशांमधला किंवा शिवणीच्या आतला एक धागा काढा, चिमट्यात धरा आणि मोरीजवळ उभं राहून जाळून बघा. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की धागा आपोआप विझतो आणि मागे काळी, बोटाने चुरडणारी राख राहते. सूत, लिनन आणि व्हिस्कोज (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा) कागदासारखे भराभर जळतात, राख करडी आणि हलकी असते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते, ती चुरडत नाही. ‘आर्ट सिल्क’ म्हणून विकला जाणारा धागा बहुधा व्हिस्कोज किंवा पॉलिस्टर असतो.

मिश्र विणीचं कापड असेल तर त्यातल्या सर्वांत नाजूक धाग्याचा नियम सगळ्या कापडाला लावा. महेश्वरीत उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा असतो. छत्रपती संभाजीनगरच्या हिमरूतही सूत आणि रेशीम एकत्र येतात. इरकलचं अंग सुती आणि काठ-पदर रेशमी किंवा आर्ट सिल्कचा, असा प्रकार फार चालतो. विदर्भातल्या करवती साडीचं अंग टसरचं, म्हणजे जंगली रेशमाचं असतं. अशा कापडात गरम पाण्याने सूत जास्त आटतं, रेशीम कमी, आणि काठाजवळ कायमच्या चुण्या पडतात. इस्त्रीने त्या जात नाहीत.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ओलं झालं की रेशीम साधारण १५ ते २० टक्के कमजोर होतं, लोकरही कमजोर होते. सूत आणि लिनन मात्र ओले असताना जास्त मजबूत असतात. म्हणून सुती साडी आपटून धुतली तरी निभावते आणि तीच वागणूक रेशमाला दिली तर पहिल्याच धुण्यात विणीची उसवण सुरू होते.

रंग सुटतो का ते बघा

पांढरं सुती फडकं ओलं करून पदराच्या आतल्या टोकाला किंवा निऱ्यांत लपणाऱ्या भागाला दाबून धरा. अर्ध्या मिनिटाने हलकेच चोळून बघा. प्रत्येक रंगाची वेगळी परीक्षा घ्या, कारण अंगाचा रंग पक्का आणि काठाचा कच्चा असं नेहमी होतं. फडक्यावर हलकी छटा आली तर कपडा एकटा धुवा, पाच मिनिटांत उरका आणि ओला असताना घडी करून ठेवू नका. गडद डाग उमटला आणि काठाचा रंग अंगापेक्षा वेगळा असेल तर तो कपडा घरी धुवायचा नाही.

मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो, हा सल्ला पिढ्यानुपिढ्या दिला जातो. काही सुती रंग मिठाच्या पाण्यात कमी सुटतात हे खरं आहे, पण तेवढ्याच पाण्यात. पुढच्या साध्या पाण्यात उरलेला रंग पुन्हा सुटतो. व्हिनेगरनेही सुती रंग पक्का होत नाही.

वनस्पतींच्या रंगांत रंगवलेल्या कापडाची तऱ्हा वेगळी. अजरख आणि कलमकारीतला काळा रंग लोहक्षारांतून येतो, त्यावर लिंबू किंवा चिंच लागली की काळा तिथल्या तिथे फिका पडतो. मंजिष्ठेचा लाल रंग सोड्याच्या पाण्यात जांभळट झुकतो. हळदीचा पिवळा उन्हात उडतो. निळीत रंगवलेलं कापड पहिल्या काही धुण्यांत निळं पाणी सोडतं. तो वरवर बसलेला जास्तीचा रंग असतो, त्याने घाबरायचं कारण नाही, फक्त पांढऱ्या कपड्यांपासून लांब ठेवा.

रिठ्याचं पाणी कसं करायचं

रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचं फेसाळ द्रव्य असतं. त्याचं पाणी किंचित आम्ल असतं, त्यामुळे रेशमाला आणि लोकरीला मानवतं. दुसरा मोठा फायदा जड पाण्यात कळतो. बोअरच्या पाण्यात साबणाचा चिकट, करडा साका कपड्यावर बसतो आणि कपडा निर्जीव दिसू लागतो. रिठ्याचा तसा साका बसत नाही.

एका साडीला १२ ते १५ रिठे लागतात. फोडून काळी बी काढून टाका, सालीचं वजन ३० ग्रॅमच्या आसपास भरेल. बीमध्ये फेस नसतो. साल एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर १० ते १५ मिनिटं तापवा. लोखंडी कढई वापरू नका, पाणी काळपट होतं आणि तो रंग कापडाला लागतो. निवल्यावर साली हाताने कुस्करा आणि पाणी मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळा. सालीचा बारीक चोथा विणीत अडकला की पुढे तपकिरी ठिपका होतो, म्हणून दुसऱ्यांदा गाळायचा आळस करू नका.

हे पाणी बाहेर दोन दिवस आणि फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. आंबूस वास आला की टाकून द्या. डोळ्यांत गेलं तर खूप झोंबतं, तेव्हा लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. उरलेलं पाणी बागेत ओता. ओढा, तळं, विहीर यांत ओतू नका, सॅपोनिन माशांना घातक असतं. नदीकाठी नेऊन रिठ्याने धुणं म्हणूनच पर्यावरणस्नेही ठरत नाही.

रिठ्याच्या मर्यादाही माहीत हव्यात. त्याचं पाणी तपकिरी असतं, त्यामुळे पांढऱ्या आणि मोतिया रेशमाला पिवळसर झाक येऊ शकते. मातीने किंवा तेलाने माखलेले रोजचे कपडेही त्याने नीट निघत नाहीत. पांढऱ्या रेशमासाठी सौम्य द्रव साबण बरा. शिकेकाई कापडाला सुचवली जाते, पण तिच्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्याने फिकट कापड मळकट दिसतं. केसांनाच राहू द्या.

बाजारातला द्रव साबण रेशमाला चालेल का, हे घरातल्या हळदीने तपासता येतं. पांढऱ्या वाटीत दोन चमचे पाणी घ्या, त्यात चार थेंब साबण टाका आणि चिमूटभर हळद घालून ढवळा. पिवळं राहिलं तर साबण सौम्य आहे. केशरी-लाल झालं तर त्यात अल्कली आहे, तो रेशमाला आणि लोकरीला लावू नका. साध्या कपडे धुण्याच्या पावडरीने पाणी कुंकवासारखं लाल होतं, तिचा सामू (pH, आम्ल-अल्कलीचं माप) १० च्या आसपास असतो. खाण्याच्या सोड्यानेही रंग लालसरपणाकडे सरकतो. रिठ्याच्या पाण्यात हळद पिवळीच राहते.

हळदीच्या परीक्षेत एक गोष्ट मात्र कळत नाही. डाग काढणाऱ्या साबणांत प्रथिनं पचवणारी एन्झाइम असतात. घाम आणि रक्ताचे डाग ती खातात, आणि रेशीम-लोकर हीदेखील प्रथिनंच. वेष्टनावर एन्झाइमचा उल्लेख असेल तर तो साबण फक्त सुतासाठी. क्लोरीनचं ब्लीच तर रेशीम आणि लोकर अक्षरशः विरघळवतं, त्याचा थेंबही नको.

रेशमी साडी धुण्याची रीत

१. सकाळीच टबमध्ये ८ ते १० लिटर पाणी भरून ठेवा. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी हाताला चटका देण्याइतकं तापतं, ते रेशमाला चालत नाही. पाणी ३० अंशांच्या आत, म्हणजे हाताला गारच लागलं पाहिजे. बादलीपेक्षा पसरट टब बरा, साडी कोंबावी लागत नाही.

२. बांगड्या, अंगठ्या काढा. साडीच्या पिना काढल्या आहेत ना, ते निऱ्या आणि खांद्याच्या जागी बोट फिरवून बघा. अडकून राहिलेली पिन पाण्यात गंजाचा डाग देते, वर धागाही ओढते.

३. साडी आधी नुसत्या पाण्यातून काढा. घाम आणि धूळ यातच निम्मी जाते.

४. टबात रिठ्याचं गाळलेलं पाणी मिसळा, फेस आणा आणि मग साडी सोडा. घट्ट रिठ्याचं पाणी थेट कापडावर ओतलं तर त्या जागी डाग दिसतो.

५. साडी पाण्यात खालीवर दाबत राहा. चोळायचं नाही, ब्रश लावायचा नाही. खालच्या काठाला मळ जास्त असतो, तेवढा भाग तळहातावर धरून दुसऱ्या हाताने हलके थोपटा. पाच ते आठ मिनिटांत बाहेर काढा. भिजत ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नका, बहुतेक साड्यांचा रंग तेव्हाच एकमेकांत उतरतो.

६. दोन स्वच्छ पाण्यांतून खंगाळा. तिसऱ्या पाण्यात दर ५ लिटरला एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर घाला. साबण वापरला असेल तर व्हिनेगर उरलेली अल्कली मारतं आणि रेशमाची चमक परत येते. रिठा वापरला असेल आणि पाणी जड नसेल तर व्हिनेगर नाही घातलं तरी चालतं. लोहक्षारांच्या काळ्या रंगावर ते वापरू नका.

७. साडी उचलताना दोन्ही हातांवर पेलून घ्या. एका टोकाला धरून ओढली तर पाण्याचं सगळं वजन तिथल्या विणीवर येतं. पिळू नका. सुती टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळी करा आणि गुंडाळी दाबा. दोन टॉवेल लागतील.

८. सावलीत, वारा असेल तिथे, जाड बांबूवर किंवा रुंद दांडीवर वाळत घाला. बारीक दोरीवर मधोमध रेघ पडते, लोखंडी तारेचा गंज लागतो. अतिनील किरणांनी रेशीम पिवळं पडतं आणि धागा ठिसूळ होतो, म्हणून थेट ऊन टाळा. पूर्ण कोरडी व्हायच्या थोडी आधी काढली तर इस्त्री सोपी जाते.

टसरवर पाण्याचा थेंब पडला तर गोल डाग उमटतो. तेवढीच जागा पुसत बसलात तर डागाची कडा अजून ठळक होते. अख्खी साडी एकसारखी ओली करून वाळवली की डाग बहुधा जातो.

धुतल्यावर साडी कडक आणि रुक्ष लागली तर साबण राहिला आहे किंवा पाणी जड आहे. पुन्हा व्हिनेगरच्या पाण्यातून काढा. पांढुरके पट्टे दिसले तर ती घासल्याची खूण: वरचे तंतू फुटून उभे राहिले आहेत, त्याला उपाय नाही.

पैठणी आणि जर

जरीचे तीन प्रकार भेटतात. खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून वर सोन्याचा मुलामा दिलेला असतो. ‘टेस्टेड’ जरीत तार तांब्याची असते. तिसरी प्लॅस्टिकच्या चकचकीत पट्टीची. पाण्याची भीती तिसरीला नाही, दुसरीला सर्वांत जास्त, कारण मुलामा झिजला की तांबं हिरवट-काळं पडतं. दशांमधला जरीचा एक धागा नखाने खरवडून बघा, तांबूस झाक दिसली तर ती टेस्टेड जर.

भरजरी पैठणी, त्यातही पदरावर मोर-पोपटांची दाट वीण असलेली, घरी धुऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. विणीत अनेक रंगांचे धागे एकमेकांत अडकवलेले असतात, प्रत्येकाची परीक्षा घेता येत नाही, आणि ओल्या पदराचं वजन ओल्या रेशमाला पेलवत नाही. तिच्यासाठी वेगळी शिस्त आहे. नेसून झाल्यावर लगेच घडी करू नका. रात्रभर पंख्याखाली, सुती चादरीवर पसरून घाम सुकू द्या. मऊ, कोरड्या फडक्याने काठाची धूळ झटका. फॉलचा भाग मळला असेल तर फॉल उसवून बदला, साडी धुण्यापेक्षा ते स्वस्त आणि सुरक्षित पडतं. ब्लाउजला मात्र घाम थेट लागतो, म्हणून आत काढून धुता येतील असे सुती पॅड टाचा.

ड्रायक्लीनिंगची गरज खरोखर पडते ती तेलाचा मोठा डाग पडल्यावर किंवा कच्च्या रंगाच्या साडीला. त्यात पाण्याऐवजी रासायनिक द्रावकं वापरतात. त्यांपैकी परक्लोरोएथिलीन हे ‘माणसात कर्करोग होण्याची बरीच शक्यता’ या गटात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ठेवलं आहे. दरवेळी नेसल्यावर ड्रायक्लीन करणं म्हणून टाळा, आणि कपडा घरी आणल्यावर प्लॅस्टिकची पिशवी काढून एक दिवस हवेशीर जागी टांगा. साडी पॉलिशला देताना खळ लावू नका असं सांगा. खळ लावलेली रेशमी साडी घडीवर लवकर चिरते.

काळवंडलेल्या जरीवर टूथपेस्ट, चिंच, लिंबू यांपैकी काहीही घासू नका. क्षणभर चमक येते, ती मुलामा निघाल्याची असते.

सुती: पहिलं धुणं महत्त्वाचं

हातमागाचं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, ३ ते ५ टक्के आटणं नेहमीचं आहे. म्हणजे अडीच मीटरच्या कुर्त्याच्या कापडात ८ ते १२ सेंटिमीटर जातात. शिवायला देण्यापूर्वी कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा आणि वाळवा. ब्लाउजचं अस्तर आणि साडीचा सुती फॉल यांनाही हेच लागू. न भिजवलेला फॉल लावला की पहिल्या धुण्यात तो आटतो आणि साडीचा खालचा काठ गोळा होतो. पिको-फॉलच्या दुकानात ‘भिजवलेला फॉल लावा’ असं सांगायला विसरू नका.

मलमल, जामदानी, सुती चंदेरी किंवा गोव्याची कुणबी साडी धुताना मळ फारसा नसेल तर रिठा पुरतो. सुताला अल्कली चालते, त्यामुळे रोजच्या सुती कपड्यांना सौम्य पावडर वापरली तरी बिघडत नाही. मात्र वेष्टनावर लिहिलेल्या मापाच्या निम्मी घेऊन बघा, बहुतेक वेळा तेवढी पुरते आणि खंगाळायचं पाणीही वाचतं. मशीनमध्ये टाकायचे असतील तर जाळीच्या पिशवीत, आतली बाजू बाहेर करून.

मलमल किंवा सुती साडीला ताठपणा हवा तर साबुदाण्याची कांजी छान बसते. दोन मोठे चमचे साबुदाणा तासभर भिजवा, एक लिटर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गाळा आणि ३ ते ४ लिटर पाण्यात मिसळा. साडी धुऊन ओली असतानाच त्यात बुडवा. कोरडी साडी बुडवली की कांजी एका जागी जास्त शोषली जाते आणि पांढरे चट्टे पडतात. भाताच्या पेजेनेही काम होतं, फक्त ती मिठाविना हवी. पावसाळ्यापूर्वी ठेवणीत टाकायच्या साडीला कांजी करू नका, किडे तिलाच आधी लागतात.

लोकर

लोकरीच्या केसाला सूक्ष्म खवले असतात. ऊब, अल्कली आणि हलवाहलव एकत्र आली की हे खवले एकमेकांत अडकतात, कपडा आटून जाड, नमद्यासारखा होतो आणि पुन्हा कधीच मोकळा होत नाही. त्यामुळे लोकरीचा नियम एकच: सगळी पाणी एकाच तापमानाची, आणि हात शांत. स्वेटर किंवा पश्मिना शालीला ६ लिटर पाणी आणि ८-१० रिठ्यांचं पाणी पुरतं. बुडवा, दाबा, दहा मिनिटं तसंच ठेवा, पुन्हा दाबा, काढा. कोमट पाण्यात धुऊन गार पाण्यात खंगाळणं ही सर्वांत सामान्य चूक आहे.

लोकर कधीही टांगू नका, ओल्या वजनाने ती लांबते. टॉवेलवर किंवा सुती चादर अंथरलेल्या बाजेवर आडवी पसरा, हाताने मूळ आकारात आणा आणि अर्ध्या दिवसाने उलटवा.

घोंगडी सहसा धुवावी लागत नाही. दख्खनी मेंढ्यांच्या लोकरीच्या घोंगडीला विणताना चिंचोक्याची खळ दिलेली असते, त्यामुळे नवी घोंगडी कडक लागते आणि वापराने मऊ होते. महिन्यातून एकदा झटकून, काठीने हलके बडवून तासभर सकाळच्या उन्हात टाकली की पुरते. धुवायचीच तर भर उन्हाळ्यात धुवा. पाणी प्यायली की तिचं वजन एका माणसाला उचलवत नाही, आणि पावसाळी हवेत ती आतून वाळत नाही, कुबट वास धरते.

डाग

तेलाचा ताजा डाग पाण्याने पुसू नका. मुलतानी माती किंवा तांदळाची कोरडी पिठी जाडसर पसरा, वर कागद ठेवून रात्रभर राहू द्या आणि सकाळी झटका. लागलं तर पुन्हा करा.

हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, त्याने दचकू नका. साबण धुतला की परत पिवळा होतो. सुती कपड्यावरचा डाग धुऊन ओला असतानाच उन्हात टाका, दोन-तीन उन्हांत हळद उडते. रेशमावर हा उपाय करायचा नाही, तिथे रिठ्याने जितकं निघेल तितकं घ्या. कुंकू सांडलं तर आधी कोरडंच झटका, फुंकर मारा, चिकटपट्टीने उचला. ओल्या फडक्याने पुसलं की ते विणीत पसरतं.

रक्त आणि दूध यांना गार पाणीच, गरम पाण्याने डाग शिजून बसतो. चहाच्या डागावर लगेच गार पाणी सोडा, साबण नंतर. चिखल पूर्ण वाळू द्या, मग झटका.

इस्त्री

रेशमाला इस्त्रीच्या बटणावरच्या एका ठिपक्याची उष्णता, म्हणजे ११० अंशांपर्यंत, आणि उलट्या बाजूने. जरीवर मधे मलमलचं फडकं ठेवा. रेशमावर पाणी शिंपडू नका, थेंबांचे डाग राहतात. ओलावा हवा तर ओलसर फडक्याखालून फिरवा. लोकरीला दोन ठिपके आणि मधे ओलसर फडकं, सुताला व लिननला तीन ठिपके आणि कापड किंचित दमट.

ठेवण आणि कसर

मळका कपडा ठेवणीत टाकू नका. कसरीला, म्हणजे कापड खाणाऱ्या पतंगाच्या अळीला, घाम आणि अन्नाचे डाग लागलेलं रेशीम-लोकर सर्वांत जास्त आवडतं. कपडे धुतलेल्या जुन्या मलमलमध्ये किंवा सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो, कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात तर आठ-पंधरा दिवसांत बुरशीचे ठिपके येतात. रबरबँड लावू नका, त्यातल्या गंधकाने चांदीची जर काळी पडते. डांबरगोळ्या जरीजवळ नकोत, आणि त्यांची वाफ घरातल्या माणसांच्या श्वासातही जाते.

दर तीन महिन्यांनी घडी मोडून नव्या रेषेवर घाला, जरीची बाजू आत ठेवा. पूर्ण वाळलेला कडुनिंबाचा पाला, वेखंडाचे तुकडे किंवा लवंगा पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यांत ठेवा, कापडाला टेकवून नकोत. त्यांच्या वासाने पतंग दूर राहतात, पण आधीच घातलेली अंडी मरत नाहीत. पुरचुंडी दर दोन-तीन महिन्यांनी बदला.

कपाटात एका शालीला भोकं दिसली तर सगळं कापड बाहेर काढा. ब्रशने घड्यांच्या कडा आणि शिवणी साफ करा, अळीचे पांढुरके कोष तिथेच असतात. लागण झालेला लोकरी कपडा पूर्ण कोरडा असल्याची खात्री करा, पिशवीत घालून हवा काढून तोंड घट्ट बांधा आणि फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. कापड खोलीच्या तापमानाला येईपर्यंत दिवसभर तशीच राहू द्या, नाहीतर गार कापडावर हवेतलं पाणी जमतं. तोवर कपाटाच्या फटी व्हॅक्यूम क्लीनरने साफ करा आणि आतली फळी कोरड्या फडक्याने पुसून दोन दिवस उघडी ठेवा.